चेअरमनचं काय करायचं?

मी एका कुत्र्यासाठी घर शोधत होते, तेव्हा बाणेरहून फोन आला तो गृहस्थ सभ्य होता. आवाजावरून पस्तीस-चाळिशीतला वाटला. इंजेक्शनं कोणकोणती झालीत, नसबंदी झालीय का, मांजरांवर धावून जातो का, चिकन शिजवून द्यायचं की तयार खाणं, सगळं त्याने नीट विचारून घेतलं. मागून एक लहान मुलगी सारखी विचारत होती, "बाबा, तो खरंच खुर्चीवर बसतो का?" शेवटी त्याने वय विचारलं. मी म्हटलं, दहा, अकराही असेल. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाही मॅडम, मग नको. पोरीला लळा लागेल, आणि दोन वर्षांत रडारड. तुम्हाला कळतंय ना?" मला कळत होतं, आणि म्हणूनच तो फोन डोक्यातून जाईना. "जातिवंत आहे का" विचारून फोन आपटणारे, रात्री अकराला "फ्री आहे ना?" असा मेसेज टाकणारे, हे विसरायला सोपे असतात. हा माणूस खरं तेच बोलला होता, आणि त्यावर काय म्हणायचं ते मला कणीक मळून, पोळ्या लाटून, डबे भरून झाले तरी सुचलं नाही.

चेअरमन हा कोथरूडला माझ्या मावशीच्या सोसायटीतला कुत्रा. सोसायटीतला म्हणजे कुणाचाच नाही. काळा, छातीवर पांढरा, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके, कानाचं टोक कापलेलं. (नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची ती खूण, पुष्कळांना वाटतं मारामारीत फाटलाय.) सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये व्हायची. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या रे मांडल्या की हा येऊन पुढच्या रांगेतली मधली खुर्ची धरायचा आणि उठवलं तरी उठायचा नाही. शेजारच्या खुर्चीत खरे चेअरमन, समोर इतिवृत्त वाचणारे सेक्रेटरी, आणि मधे हा. नाव पडायला तेवढं पुरलं. खऱ्या चेअरमनना ते आवडलं नव्हतं म्हणतात, पण तोवर लहान पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते बसलं होतं. त्याला लिफ्टही कळायची. कुणी आत शिरलं की हाही शिरायचा. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर उतरायचा, नाही उघडलं तर वर जाऊन येताना उतरायचा. दुसऱ्या मजल्यावर मावशीची सकाळची पहिली पोळी असायची, तूप लावलेली. मावशीच्या यजमानांना कोलेस्टेरॉलमुळे तूप बंद झालं त्यानंतरही याचं चालू होतं, आणि त्यावरून त्या घरात बरंच बोललं जायचं.

मग रिडेव्हलपमेंट आली. कितीतरी सभा भांडणात गेल्या, सहकार कायद्यातल्या ७९-अ कलमाची प्रक्रिया, टेंडरं, पुन्हा टेंडरं, आणि एकदाचा बिल्डर ठरला. करारात सगळं होतं. तीन वर्षांचं भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवायचा जाता-येताचा खर्च, कॉर्पस, वाढीव कार्पेट, मॉड्युलर किचनचा ओटा कुठल्या दगडाचा ते. मावशीने मला तो जाडजूड दस्त एकदा दाखवला होता, अंगठ्यांचे ठसे आणि फोटो पानोपानी. रिकामं करायची तारीख आली तसा सोसायटीच्या ग्रुपवर तिने मेसेज टाकला: "चेअरमनचं काय करायचं?" सी विंगमधून ताबडतोब उत्तर आलं, "राजीनामा घ्या." हसण्याच्या चिन्हांची रांग लागली आणि मूळ प्रश्न त्या रांगेखाली वाहून गेला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं, या वेळी "आपला कुत्रा" असं स्पष्ट. त्यावर हात जोडलेले, लाल बदाम, "सो सॅड", आणि "पझेशन मिळालं की परत आणूच त्याला".

पझेशन तीन वर्षांनी. म्हणजे करारात तीन. पुण्यात राहणाऱ्याला त्यात किती मिळवायची ते सांगावं लागत नाही.

हा तीन वर्षांचा हिशेब त्या उन्हाळ्यात सोसायटीत सगळेच करत होते, फक्त मोठ्याने नाही. सोसायटी जुनी, तशी माणसंही जुनी. मूळ सभासद सत्तरीच्या पुढचे. सामान बांधताना मावशीने पितळी डबे, पाट, देवघराची चौकट एकेक करून काढून टाकलं, आणि मी "नव्या घरात लागेल गं" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "नवं घर तुझ्या मावसभावाला. मला सिंहगड रोडचं भाड्याचं." एवढं बोलून ती जुन्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळायला लागली. तिच्या मजल्यावरच्या एका काकांनी नव्या फ्लॅटच्या नकाशात आपली खाट कुठे ठेवायची ते पेन्सिलीने काढून ठेवलं होतं. त्या नकाशाची झेरॉक्स ते सगळ्यांना दाखवायचे. ती खाट मला तेव्हा गमतीची वाटली होती.

मावशीने भाड्याच्या फ्लॅटच्या मालकाला कुत्र्याचं विचारलं. तो नाही म्हणाला. ही गोष्ट आमच्याकडे जेवताना निघाली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे, घास खाली ठेवून म्हणाले, "धर्मराज कुत्र्याला घेऊन स्वर्गाच्या दारात उभा राहिला तेव्हा इंद्राने हेच सांगितलं. कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही. घरमालक सगळे सारखेच." अण्णांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. पार्किन्सन्समुळे आता वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, पण ते पुरं केल्याशिवाय सोडत नाहीत, आणि आम्हीही पोळी हातात धरून थांबतो.

इमारत रिकामी झाली, भोवती निळे पत्रे उभे राहिले. वीज तोडली, खिडक्या-दारं काढून नेली. चेअरमन आतच होता. वॉचमन बदलला होता, पण नव्या वॉचमननेही त्याला हाकललं नाही, आपल्या डब्यातलं देत राहिला. मावशी रिक्षाने सिंहगड रोडवरून यायची, पत्र्याच्या फटीतून पोळी आत सरकवायची आणि त्याच रिक्षाने परत जायची. पाडकाम सुरू झालं तसा तो बाहेर रस्त्यावर आला. समोरच्या गल्लीतली तरणी टोळी त्याला उभं राहू देईना. पत्रे आणि पदपथ यांच्यामधली हातभर जागा, त्यात खडीचा ढीग, त्या ढिगावर तो बसून असायचा. पाऊस लागला तेव्हा मावशीने फोनवर एवढंच सांगितलं, "तो अजून सकाळी लिफ्ट होती त्या बाजूला जाऊन उभा राहतो असं वॉचमन म्हणतो." त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन गेले आणि त्याला गाडीत घातलं. त्याने विरोध केला नाही. अंगाला ओल्या गोणपाटाचा आणि सिमेंटचा वास होता, आणि गाडी सुरू झाल्यावर त्याने डोकं माझ्या पायावर ठेवलं असं काही झालं नाही. खिडकीकडे तोंड करून पूर्ण रस्ताभर तो थरथरत उभा राहिला.

नियम काय सांगतो तेही मला पुढे पाठ झालं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम म्हणतात की रस्त्यावरचं कुत्रं उचला, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा. त्यामागे विचार आहे: ठरावीक जागेतलं कुत्रं ती जागा धरून राहतं आणि बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघाने करावी, असंही त्यातच आहे. चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण जागाच उरली नाही तर काय, याचं त्यात काही नाही. चेअरमनची जागा म्हणजे आता एक मोठा खड्डा आणि त्यात पायलिंगचं मशीन, आणि त्याचा रहिवासी संघ वारजे, सिंहगड रोड, बावधन, एक कुटुंब तर थेट ह्यूस्टन, असा पांगलेला. पुण्यात जुन्या सोसायट्या गल्लीगल्लीने पाडल्या जातायत. प्रत्येकीच्या पार्किंगमध्ये एखादा तरी असा असणारच. ते कुठे जातात, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

आमच्याकडे त्याला कायमचं ठेवणं शक्य नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चेअरमनच्या मागच्या पायांच्या खुब्यात संधिवात. उतरताना तो प्रत्येक पायरीवर थांबून विचार करायचा. आणि अण्णा वॉकरवर. डॉक्टरांनी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, पडू देऊ नका. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेला खिळतो. चेअरमनला नेमका पॅसेज आवडला. तिथे वारा येतो आणि घरातल्या सगळ्या खोल्या दिसतात. सभेत मधली खुर्ची का धरायचा ते मला तेव्हा उमगलं. त्याचे पाय टाइल्सवर घसरायचे म्हणून आम्ही पॅसेजभर रबराच्या मॅट अंथरल्या. अण्णा वॉकर घेऊन बाथरूमकडे निघाले की हा आडवा. उठायला याला वेळ, थांबायला अण्णांना त्रास. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहायचे, आणि मी हातातलं टाकून धावायची. एकदा रात्री वॉकरचा पाय त्याच्या शेपटीवर आला, तो दचकून उठला, अण्णांचा तोल गेला आणि भिंतीने सावरलं. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून ठरवलं की घर शोधायचंच. सकाळी अण्णा मला म्हणाले, "याला घर शोधताय म्हणे." मी म्हटलं, "हो अण्णा." ते म्हणाले, "आधी कुणासाठी शोधायचं यावर मतदान घेतलं नाहीत, हे बरं केलंत." मी हसले. तेही हसले असावेत, हल्ली त्यांच्या चेहऱ्यावरून ते लवकर कळत नाही.

रेस्क्यू करणाऱ्या मुलामुलींचा एक ग्रुप आहे, त्यातल्या एका मुलीने पोस्टर बनवून द्यायचं कबूल केलं. नोकरी आयटीत, आणि शनिवार-रविवार गाडीच्या डिकीत पिंजरा, दोऱ्या, बिस्किटांचे पुडे. तिच्या बोलण्यात फॉस्टर, होम चेक, सीनिअर, इंडी हे शब्द पटापट येतात. तिने मला आधीच सांगितलं: पिल्लं आठवड्यात जातात. त्यातही नर आधी, माद्या मागे राहतात, काळं पिल्लू सगळ्यात शेवटी. मोठा, काळा, रस्त्यावरचा, म्हातारा. "ताई, अवघड आहे. वय आठ टाकू?" मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी दात पाहून दहा-अकरा सांगितलं होतं. दातांवरून याहून नेमकं सांगता येत नाही म्हणाले. बुबुळांवर निळसर झाक आली होती, ती मोतीबिंदूची नव्हे, वयाची. छातीखाली एक मऊ गाठ, चरबीची. रक्तात क्रिएटिनिन वरच्या बाजूला, म्हणजे मूत्रपिंडं थकायला लागलेली. त्यात मावशीचा पुरावा वेगळाच: नोटाबंदीत बँकेच्या रांगेतून दमून आले तेव्हा हा लिफ्टच्या दारात आडवा झोपला होता आणि मी त्याला ओलांडून गेले, म्हणजे २०१६ ला तो पिल्लू नव्हता. पोस्टरवर शेवटी "सीनिअर" एवढंच गेलं आणि फोटोत तो लाल खुर्चीवर. खाली त्याच्याच तोंडी मजकूर: "मी चेअरमन. मला रिटायरमेंटसाठी घर हवंय." कुत्र्यांच्या तोंडी अशी लाडिक वाक्यं घातलेली मला आवडत नाहीत, पण फोन त्यावरच आले हे मान्य करायला हवं.

"स्थळं बघतेयस जणू," मावशी म्हणाली, आणि तसंच होतं ते. एकाला शेतावर राखणीला हवा होता. चेअरमनला आता घंटी वाजली तरी कधी कधी ऐकू येत नाही. एका बाईंना आपल्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला सोबत हवी होती, पण त्या लॅब्रेडॉरने भेटीतच नापसंती कळवली. कुणाला आईसाठी हवा होता आणि आईला नको होता. वाकडचं एक तरुण जोडपं घेऊन गेलं आणि आठवड्यात परत आणून सोडलं. रडत होती दोघं. रात्रीचा झोपत नाही, म्हणाली. अडीचला उठतो, घरभर फिरतो, दारापर्यंत जातो आणि परत येतो, नखांचा टकटक आवाज, आणि सकाळी दोघांना लॉगइन. मला ते माहीत होतं, मी त्यांना सांगितलंही होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांत असं होतं. मेंदू थकतो, दिवस-रात्रीचं गणित बिघडतं. अण्णांच्या खोलीतही अडीचला दिवा लागतो. आमच्या घरात त्या वेळी नखांचा आणि वॉकरचा असे दोन आवाज असायचे, आणि नवरा आणि मी एकमेकांना "तू जा" म्हणत अंधारात पडून असायचो.

ऑगस्ट आला आणि फोनवरचा सूर बदलला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी आणि लस देऊन परत सोडायचं ठरलं. पिसाळलेले आणि अंगावर येणारे तेवढे वगळून. मूळ आदेश दिल्लीचा, पण भांडण पुण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर. पोस्टरखालचा नंबर बघून एकाने मला मुद्दाम फोन केला, "आता सरकारच नेणार आहे की, तुम्ही कशाला त्रास घेता?" त्याच्या गल्लीत कुत्रं चावलेलं एक मूल होतं, तो रागावलेला होता आणि त्याचा राग खोटा नव्हता. मी वाद घातला नाही. पण त्या आठवड्यात मी खरोखरच निवाऱ्यांना फोन केले. सगळे भरलेले. एका ठिकाणी जाऊन बघितलं. माणसं मनापासून राबत होती, तरी सिमेंटची जमीन, जाळ्या, आणि एकाने भुंकायला सुरुवात केली की शंभरांनी धरलेला सूर. अपंग, आंधळी, अपघातातली कुत्री तिथे होती आणि त्यांना ती जागा हवीच होती. चालता-बोलता, पोळी मागून खाणारा म्हातारा तिथे सोडून येणं मला जमेना.

मुंबईत हेच भांडण १८३२ मध्ये झालं होतं. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं, आणि फोर्ट भागात पारशी लोक रस्त्यावर उतरले. दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. पारशांत मृत माणसाला कुत्र्याच्या नजरेखालून नेतात, सगदीद म्हणतात त्याला, आणि त्यासाठी डोळ्यांवर ठिपके असलेला, चार डोळ्यांचा कुत्रा उत्तम समजतात. (चेअरमन तिथे मोठ्या मानाने राहिला असता.) दोन वर्षांनी, १८३४ ला, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मिळून मुंबईचा पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरला आजही आहे. आत मुख्यतः गाई. मला या गोष्टीत आवडतं ते हे की आधी लोक भांडले आणि मग कुणीतरी जागा आणि पैसा काढला. आपण त्या ऑगस्टपासून पहिल्या भागातच आहोत.

तळेगावहून फोन आला तो दिवाळीनंतर. दिवाळीचे ते दिवस तर विचारू नका. तो बाथरूममध्ये कमोडच्या मागे शिरून बसला होता आणि अण्णांना बाहेर खोलीत भांडं द्यावं लागत होतं. फोनवरच्या बाईंनी नाव सांगितलं नाही आधी, सरळ विचारलं, "तो कुत्रा रात्री किती वाजता उठतो?" पोस्टरच्या नव्या आवृत्तीत मी ते लिहायला लावलं होतं. मी म्हटलं, दोन-अडीचला. "किती वेळ फिरतो?" तासभर. "पाणी किती पितो त्या वेळी? लघवी रोखून धरतो का?" मी सांगत गेले, त्या लिहून घेत असाव्यात, मधे मधे "हं, पुढे" म्हणायच्या. "आवाज काय करतो?" "काही नाही. नखं वाजतात फरशीवर." "चालेल," त्या म्हणाल्या. "त्या वेळी मी चहा करते. आयुष्यभर नाइट ड्यूटी केली, झोप गेली ती गेली. घरात कुणीतरी जागं असलेलं बरं." सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या. गल्लीत सगळे अजून सिस्टरच म्हणतात, तर मीही इथे तेच म्हणते. वय त्र्याहत्तर, एकट्या. सगळे नातेवाईक पिल्लू आण म्हणतात, लळा लागतो म्हणतात. "पिल्लू पंधरा वर्षं जगलं तर? मी अठ्ठ्याऐंशीची. त्याने मग कुणाच्या दारात जायचं? मला माझ्या मापाचं हवंय."

बाणेरच्या त्या गृहस्थाचा प्रश्न हाच होता, फक्त उलट्या टोकाकडून मोजलेला.

रेस्क्यूवाली मुलगी मात्र कां-कूं करत होती. साठीपुढच्या एकट्या माणसाला कुत्रं देताना त्यांचे नियम कडक आहेत आणि त्याला कारण आहे. माणूस गेलं की मुलं फ्लॅट विकतात आणि कुत्रं गेटबाहेर, हे तिने पाहिलंय. तरी होम चेकला आली. आम्ही तिघं आणि चेअरमन, एका रविवारी जुन्या हायवेने गेलो. बैठं घर, दोनच पायऱ्या, आत शहाबादी फरशी. चेअरमन आत शिरला आणि घसरला नाही. आमच्या टाइल्सवर महिनोन्‌महिने नखं रोवून चालणारा तो प्राणी तिथे सरळ पाय टाकत चालला, स्वयंपाकघरातून परसात, कढीपत्त्याच्या बुंध्याशी उभा राहिला, हुंगलं, परत आला. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हात लावला नाही की चुचकारलं नाही. म्हणाल्या, "अहो चेअरमन, बसा. घर पाहून झालं असेल तर." शेजारी रिकामी खुर्ची होती, लाकडी, उंच. त्याला ती चढता आली नसती. तो तिच्या खाली बसला.

मुलगी यादी काढून विचारत गेली. फाटकाखाली फट किती, बांधून ठेवणार का, डॉक्टर किती लांब, गावाला गेलात तर कोण बघेल. सिस्टरनी एक लांब वही पुढे केली. त्यात त्यांनी आधीच खाणं, औषधाच्या वेळा, शेजारच्या मुलाचा नंबर, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, सगळं रकाने पाडून लिहिलं होतं. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट द्यायचं नाही हेही. "कांद्याचं मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या, "पोह्यातला राहिलेला देणार होते." मग चष्मा बदलून त्यांनी दत्तकपत्र वाचायला घेतलं. आमच्यापैकी कुणीच ते कधी इतकं सावकाश वाचलं नव्हतं. साठीवरच्यांसाठी एक रकाना असतो: तुमच्यानंतर कुत्र्याची जबाबदारी कोण घेईल? त्यात त्यांनी लिहिलं, भाचा, नाशिक. आणि पुढे तशाच ठसठशीत अक्षरात: पण तो घेईल असं वाटत नाही.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"खोटं कशाला लिहू?" सिस्टर म्हणाल्या. "आणि हे तुमचं सातवं कलम एकतर्फी आहे. मला जमलं नाही तर मी कुत्रा तुम्हालाच परत द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. ठीक आहे. पण मी आधी गेले तर तुम्ही न्यायला याल, हे कुठे आहे यात?" मुलगी म्हणाली, "येऊच ना काकू, अर्थातच." "अर्थातच नको. लिहा." तिने पेन घेतलं आणि "संस्था" लिहायला लागली तशा त्या म्हणाल्या, "संस्था नको, माणसाचं नाव घाला. मी हॉस्पिटलात होते, नाव नसलं की काय होतं मला माहितीये." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीकडे आधीच चार कुत्री आहेत, तिला विचारण्यात अर्थ नव्हता. मी पेन घेतलं. अडचणी सगळ्या मला ठाऊक होत्या, तिसरा मजला, पॅसेज, अण्णा. हे लिहून दिलेलं खरं करायची वेळ येईल तेव्हा आमच्या घरात कोण असेल आणि कोण नसेल, हा हिशेब समोर आला, आणि तो पुरा होण्याआधी मी नाव, पत्ता, फोन लिहून सही केली. सिस्टरनी शाई वाळू दिली. "याची झेरॉक्स भाच्याला पाठवते," त्या म्हणाल्या. "त्याला कळू दे फोन कुणाला करायचा ते. आणि आता महिनाभर येऊ नका. तो रोज दाराकडे बघत बसेल."

निघताना चेअरमन खुर्चीखालून उठला नाही. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि रागही आला थोडा, की इतके महिने कुणी केलं याचं. गाडीत मी मावशीला फोन लावला. तिने पहिलं विचारलं, पोळीला तूप लावतील का त्या. मी म्हटलं, क्रिएटिनिन वाढलंय, तूप बंद केलंय डॉक्टरांनी. "त्यांचंही केलं होतं," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोमाटण्याच्या टोलनाक्यापर्यंत नवरा गप्प होता. मग म्हणाला, "काय लिहून दिलंस त्यांना?" मी सांगितलं. तो देहूरोड येईपर्यंत पुन्हा गप्प.

"आपल्या सोसायटीतला लिफ्टचा ठराव परत मांडतो मी," तो म्हणाला. "अण्णांसाठी मांडला तेव्हा पडला होता."

"तेव्हा तळमजलेवाले विरोधात होते."

"आताही असतील. पण त्यांच्यातले दोघं आता वॉकरवर आहेत."

मी म्हटलं, "सभा कधी आहे?"

"मार्चमध्ये. पॅसेजमधल्या मॅट मात्र काढू नकोस."

"नाही काढत. अण्णा म्हणतायत त्या बाथरूमपर्यंत वाढवा."